बोललेले आणि ऐकलेले

राष्ट्राध्यक्षांनी जागतिक शांततेवर केलेली भाषणे आता ध्वनिमुद्रणांच्या संग्रहांतून कोणासही घरबसल्या ऐकता येतात. रत्नागिरीच्या पावसाळी संध्याकाळी बाहेर पडणे अशक्य झाले म्हणजे आम्ही ती ऐकत बसतो. छापील भाषण वाचताना मनुष्य सावध असतो. परंतु आवाजातील कंप, मध्येच घेतलेला श्वास, एखाद्या शब्दावर दिलेला जोर ही सारी वक्त्याच्या अंतःकरणाची साक्ष देत आहेत असे वाटू लागते व सावधपणा सुटतो. ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी, एवढाच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे.

हा प्रश्न आमच्या गावास परका नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी येथेच झाला. टिळक आळीतील ते घर आमच्या नित्याच्या वाटेवर आहे. ८ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपल्या विधिमंडळापुढे शांततेची चौदा कलमे मांडली. पुष्कळांची समजूत आहे की स्वयंनिर्णय हा शब्द त्या कलमांत आहे. तो तेथे नाही. तो ११ फेब्रुवारीच्या भाषणात आला. टिळकांनी तो शब्द खरा धरला. १९१८ च्या अखेरीस ते चिरोल खटल्यानिमित्त विलायतेत होते. डिसेंबरात दिल्लीस भरलेल्या राष्ट्रीय सभेने शांतता परिषदेसाठी त्यांस प्रतिनिधी निवडले. सरकारने पॅरिसला जाण्याचा परवाना नाकारला. तेव्हा १९१९ च्या आरंभी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांस सविस्तर पत्र लिहिले आणि विल्सन यांजकडेही आपले म्हणणे पाठविले. विल्सन यांच्या चिटणिसाचे उत्तर आले ते सभ्य होते : हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा विचार योग्य ते अधिकारी यथाकाल करतील. परिषदेत हिंदुस्थानच्या नावाने बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा.

टिळकांनी ज्या शब्दांवर भिस्त ठेवली ते कोणत्या आवाजात उच्चारले गेले हे आज कळण्यास मार्ग नाही, कारण १९१८ च्या त्या भाषणांचे मुद्रण झालेले नाही. विल्सन यांचा आवाज आहे तो १९१२ च्या निवडणुकीतील तबकड्यांवर, आणि पुन्हा १० नोव्हेंबर १९२३ च्या नभोवाणीवरील भाषणात. नियमित प्रक्षेपणाच्या उपलब्ध मुद्रणांत हे सर्वांत जुने मानले जाते. वक्ता तेव्हा अधिकारावर नव्हता. पक्षाघाताने खचलेला होता. युद्धानंतर आपल्या देशाने जगाकडे पाठ फिरविली याची खंत तो थकलेल्या स्वरात बोलून दाखवितो. तो स्वर ऐकून या मनुष्यास लबाड म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. मग टिळकांची फसवणूक झाली ती कोणी केली?

येथे आम्हांस धर्मराजाची आठवण होते. अश्वत्थामा पडला हे मोठ्याने आणि हत्ती हे पुटपुटून, असे त्याचे ते प्रसिद्ध अर्धसत्य. त्या रणांगणावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते तर धर्मराज निर्दोष ठरता, कारण हत्ती हा शब्द मुद्रणात सापडलाच असता. व्यासांनी मात्र न्याय केला तो द्रोणाच्या कानावर. बोलणाऱ्याचे शब्द मोजून नव्हे. म्हणून तर जमिनीस न शिवणारा त्याचा रथ खाली आला.

आम्ही शिकलो ते इंग्रजी नीतिशास्त्र याहून सौम्य आहे. पेली याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नियम घातला तो असा : वचन देताना ऐकणारा त्याचा जो अर्थ घेत आहे असे देणाऱ्यास वाटले, त्या अर्थाने ते पाळावे. नियम चोख आहे, पण त्यात एक पळवाट राहते. ऐकणारा कोण हेच देणाऱ्यास ठाऊक नसेल तर? आयरिश शिष्टमंडळाने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे १९१९ साली दिलेल्या साक्षीत असे नमूद आहे की, आपण ते शब्द उच्चारले तेव्हा रोज दाराशी येणारी ही सारी राष्ट्रे अस्तित्वात आहेत याची आपणांस कल्पना नव्हती, अशी कबुली विल्सन यांनी दिली. त्यांचेच परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी मात्र डिसेंबर १९१८ मध्येच त्या शब्दात स्फोटक भरले आहे अशी नोंद आपल्या टिपणात करून ठेविली होती. पेलीच्या न्यायाने विल्सन सुटतात. आमच्या मते सुटत नाहीत. ज्याने खासगी बैठकीत शब्द टाकला त्यास श्रोत्यांची मर्यादा सांगता येईल. ज्याने जगास उद्देशून शब्द टाकला त्याने जग हेच श्रोते निवडलेले असतात, आणि आपले श्रोते कोण हे न जाणण्याचा अधिकार त्यास उरत नाही. श्रोता भाबडेपणाने जास्त अर्थ काढतो हा आक्षेप कोणी घेईल. परंतु टिळकांस भाबडे म्हणणारा अद्याप आम्हांस भेटलेला नाही. त्यांनी कदाचित विश्वास ठेवलाही नसेल. हुंडी खोटी असेल तर ती वटविण्यास नेल्यावाचून तिचा खोटेपणा सिद्ध होत नाही, हे त्यांस ठाऊक होते.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे असले तरी त्याचा शेवट आमच्याच जिल्ह्यात येऊन पोचतो. ८ डिसेंबर १९५३ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अणुशक्ती शांततेच्या कामी लावण्याविषयी भाषण केले. त्याचे मुद्रण उत्तम आहे. आरंभीचे संबोधन सभेच्या अध्यक्षबाईंस आहे. त्या म्हणजे विजयालक्ष्मी पंडित, माहेर नेहरूंचे, सासर मराठी. आवाज लष्करी माणसाचा, पण कळकळीचा. त्या वर्षी अमेरिकेजवळ सुमारे हजार अण्वस्त्रे होती. त्यांची कारकीर्द संपताना ती अठरा हजारांच्या घरात गेली. तथापि भाषण पोकळ होते असेही म्हणवत नाही. १९५७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था निघाली ती त्यातूनच, आणि १९६९ साली तारापूरचे केंद्र अमेरिकन बनावटीच्या अणुभट्ट्यांवर चालू झाले. डिसेंबर २०१० मध्ये दुसऱ्या एका राष्ट्राचे अध्यक्ष, फ्रान्सचे सार्कोझी, दिल्लीस आले आणि राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पाचे करार झाले : सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट. साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विरोध केला. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मेला. प्रकल्प इष्ट की अनिष्ट हा वाद आम्ही येथे काढीत नाही. शांततेच्या अणूचे नाव त्या खाडीवर कोणत्या आवाजात ऐकू आले, एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे. तो आवाज कोणत्याही अध्यक्षाच्या भाषणांच्या संग्रहात नाही.

गेल्या पावसाळ्यात विल्सन यांचे ते १९२३ चे भाषण आम्ही काही विद्यार्थ्यांस ऐकविले. खरखर पुष्कळ, इंग्रजी जुने. निम्मे कोणास कळले नसावे. टिळकांची हकीकत आधी सांगितली होती. संपल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, यात आपल्या देशाचे नाव कुठे आले?" आले नाही, असे आम्ही सांगितले. तिचा विश्वास बसला नसावा. "पुन्हा एकदा लावा ना," ती म्हणाली, आणि आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून लावले.