लोकरीचे गोंडे

सुनेचा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि एक पेपर राहिला. त्या दिवशी आमच्या घरात पहिलं नाव निघालं ते लोकरीच्या सुयांचं.

मुलाने मोबाईलवर निकाल बघितला. बाकीचे विषय सुटले होते, अर्थशास्त्र तेवढं अडकलं. आमची ही लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "ऱ्हाईल न्हाईतर काय हुईल? बघावं तवा त्या सुया हातात. आता तरी माळ्यावर टाका म्हणावं." मुलगा नुसती मान हलवून बाहेर गेला. सून पोराला खिमट भरवत होती, तिने वर बघितलं नाही. मग हिने माझ्याकडे बघितलं. घरात शिक्षणाची गोष्ट निघाली की शेवटचा शब्द माझा असतो, कारण 1977 साली मी दहावीपर्यंत गेलो होतो. मी म्हणालो, "बघू." शेतकऱ्याचं 'बघू' म्हणजे काय, ते ज्याने त्याच्याकडे उसने पैसे मागितलेत त्याला विचारावं. टोपी घातली आणि रानात गेलो.

गेलो तरी ते डोक्यातून जाईना. पेपर राहणं हा काही एवढा मोठा गुन्हा नव्हे, तो परत देता येतो. माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. अभ्यास अंगावर आहे, संसार अंगावर आहे, मांडीवर पोर आहे. अशा बाईने कुणीही न सांगितलेली तिसरी गोष्ट केवळ आपल्याला आवडते म्हणून करावी का? आणि केली, तर तो वेळ तिने कुणाचा घेतला? पोराचा, नवऱ्याचा, पुस्तकाचा, का तिचा तिचाच?

हा प्रश्न मला पन्नास वर्षांपूर्वी पडायला हवा होता. तेव्हा पडला नाही.

साल 1974. अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण शाळेत एकच वर्ष पुढे. बहात्तरच्या दुष्काळात आई कामावर खडी फोडायला जायची, धाकट्याला सांभाळायला अक्का घरी, त्यात तिचं एक वर्ष बुडालं. आमचा भाग माणदेशातला, पाऊस कमी पण पहाटेची थंडी अशी की दात वाजतात. त्या हिवाळ्यात शाळेतल्या एका बाईंनी मोठ्या मुलींना मधल्या सुट्टीत दोन सुयांवरचं विणकाम शिकवलं. सुया विकत घ्यायला पैसे कुणाकडे होते? अक्काने सायकलच्या दुकानातून दोन मोडक्या तारा मागून आणल्या, दगडावर घासून टोकं गुळगुळीत केली. लोकर बाईंनीच दिली असावी. लाल होती. एक टाका सुलट, एक उलट, असं ती पुटपुटत विणायची. गोठ्यात वैरणीच्या गंजीला टेकून बसायची, म्हणजे म्हशीवर लक्षही राही आणि कुणाच्या डोळ्यावरही येत नसे.

आषाढाच्या तोंडाला एकदा माझ्याकडून शेरडं मक्यात घुसली. मालकाने आबांपर्यंत गाऱ्हाणं आणलं. आबांनी चाबकाची काठी उचलली, आणि काठी अंगावर यायच्या आत मी म्हणालो, "मलाच मारताय, अक्का गोठ्यात बसून नुसती इणत बसतीया, पुस्तकाला हात लावत न्हाई." एवढंच. माझा मार वाचला. आबा गोठ्यात गेले, तारा ओढून काढल्या, गुडघ्यावर वाकवल्या आणि उकिरड्यावर फेकल्या. अक्का रडली नाही. म्हशीला पाणी दाखवायला घेऊन गेली.

लोकर मात्र टाकून द्यायची वस्तू नव्हती. आईने विणलेला तुकडा उसवला, गुंडा करून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. आठ-पंधरा दिवसांत बेंदूर आला. आमच्याकडे पोळा नाही, आषाढातला बेंदूर. आबा म्हणाले, ती लोकर हाय की, गोंडे कर. मी दुपारभर बसून गोंडे केले, बैलांच्या शिंगांना बांधले. मिरवणुकीत लोक म्हणाले, पोराच्या हातात कला आहे. आबांनी मला भेळीला पैसे दिले. तीच लोकर, तसाच बसून घालवलेला वेळ, आणि घरचं एक काम त्या दुपारी मी केलं नव्हतं. पण मला कुणी रिकामटेकडा म्हणालं नाही.

पुढच्या वैशाखात अक्काचं लग्न झालं. नववीवर शाळा सुटली. लग्न ठरलं होतं म्हणून सुटली, हे उघड आहे. पण घरात कित्येक वर्षं सांगायचे ते वेगळंच: "तिचं ध्यान अभ्यासात नव्हतंच, सुयांत होतं." सुया किती सोयीच्या होत्या ते आता कळतं. हुंडा, स्थळ, दुष्काळातलं कर्ज यांतलं काहीच बोलायला लागलं नाही.

तसं बघितलं तर हातात सूत-लोकर घेऊन बसणं आमच्या मुलखाला नवं नाही. धनगर मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातत जातात. चांगले मिशावाले गडी. सणगर घोंगडी विणतात, तिला चिंचोक्याची खळ देतात. आम्ही प्राथमिक शाळेत होतो तेव्हा सूतकताईचा तास असायचा. टकळी आणि पेळू दप्तरातच. पोटापाण्यासाठी हात चालवला तर ती कष्टाची कमाई, शाळेने सांगितलं तर शिक्षण, बैलासाठी केलं तर सण. नुसतं आवडतं म्हणून बाई करायला लागली की ते खूळ.

आणि माझं बघा. संध्याकाळी पारावर तासभर बसतो, तंबाखू मळतो, दिल्लीपासून गल्लीपर्यंतचा कारभार हाकतो. तीस वर्षं झाली. हा वेळ मी कुणाचा घेतला असं मला आजवर कुणी विचारलं नाही. दोनदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेलो. अठरा-वीस दिवस, ऐन पेरणीच्या-कोळपणीच्या दिवसांत. घरच्यांनी पायावर पाणी घालून पाठवलं. वारी आणि विणकाम एक, असं मी म्हणत नाही. पण घरातून वजा झालेला दिवस तो वजाच, कोळपं त्या दिवशी दुसऱ्यानेच धरलं.

दुसरी बाजूही डोळ्याआड करून चालत नाही. गोरोबाकाकांची गोष्ट लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. चिखल तुडवताना भजनात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं पोर पायाखाली आलं. कीर्तनकार पुढे देवाने पोर परत दिलं ते सांगतात आणि आपण डोळे पुसतो. पण माझं मन नेहमी त्या आईपाशी अडकतं. पाणी आणायला जाताना ती पोराकडे बघा म्हणून सांगून गेली होती. देवाच्या नादातसुद्धा असं होतं, तर लोकरीच्या नादात होणार नाही कशावरून? आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्याच्या पोटच्या पोराने मोजायची हे कुणी संत असला तरी मला पटत नाही.

म्हणून आधी हिशोब बघायचा ठरवलं. त्या आठवड्यात आमच्याकडे लाईट रात्रीची होती. मोटार चालू करायला बारा-एकला उठायचो. येता-जाता सुनेच्या खोलीतला दिवा दिसे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा तिचा अभ्यास, रविवारी तालुक्याला तासाला जायचं आणि बाकी घरीच वाचायचं. एका रात्री दार उघडं होतं. पुस्तक मांडीवर, पोर शेजारी झोपलेलं, आणि हातात सुया. मी ओट्यावर टेकलो. म्हटलं, "झोप येत न्हाई का पोरी?"

"येतीया मामा. झोप आली की दोन ओळी इणते, मग परत वाचते."

मला बरं वाटलं. चला, म्हणजे विणकाम अभ्यासाच्या उपयोगी पडतंय, हिला सांगता येईल. आणि लगेच माझीच लाज वाटली. उपयोग निघाला म्हणून परवानगी? उद्या उपयोग नाही निघाला तर?

मी सरळच विचारलं, "पेपर त्याच्यामुळं गेला का?"

तिने सुया खाली ठेवल्या. म्हणाली, "थोडा गेला, मामा. खोटं सांगत न्हाई. परीक्षेच्या आठवड्यात दोन रात्री पुस्तक मिटून इणतच बसले. भावाच्या पोरीचं बारसं होतं, टोपरं पुरं करायचं होतं. पण त्याच्या आधी वीस दिवस कांदा काढत होते, त्याचं कुणी नाव घेत न्हाई."

हे खरं होतं. एप्रिलभर ती दिवस उजाडल्यापासून आमच्याबरोबर वाफ्यात होती. मजूर मिळेनात म्हणून मीच तिला म्हणालो होतो, चार दिवस ये. चाराचे वीस झाले. दोन रात्री तिने स्वतःसाठी घेतल्या त्या घरात सगळ्यांना पाठ, वीस दिवस मी घेतले ते कुणाच्या वहीत नाहीत.

"पण आवड म्हणजे तरी काय असती त्याच्यात?" मी विचारलं. पन्नास वर्षांत अक्काला हे विचारलं नव्हतं.

ती जरा वेळ थांबली. "दिवसभर केलेलं रात्रीपातूर संपून जातं मामा. भाकरी खाऊन संपती. भांडी परत खरकटी हुत्यात. धुणं परत मळतं. हे तेवढं काल हुतं त्याच्यापेक्षा आज दोन बोटं वाढलेलं दिसतं."

मी शेतकरी माणूस. सकाळी रानात जाऊन कोंब किती वर आला ते वाकून बघणं, यासाठी तर आम्ही तोट्यातली शेती करतो. मला यापुढे समजावून सांगायची गरज नव्हती.

आमच्या भावकीच्या विहिरीत हिस्से आहेत. चार दिवस आमचे, तीन दिवस चुलत्यांचे. आपल्या दिवशी मी पाणी उसाला देईन, फुलझाडाला देईन, नाहीतर मोटार बंद ठेवीन, चुलत्याने विचारायचं नाही. पाणी कमी पडलं की भांडणं होतात, पण हिस्सा आहे यावर भांडण नसतं. म्हटलं, घरातल्या वेळेचं तसंच का करू नये? जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं: मंगळवार आणि शुक्रवार, रात्री जेवणं झाल्यावर तासभर सुनेचा हिस्सा. त्या तासात तिने विणावं, नाहीतर आढ्याकडे बघत बसावं. पोर मी धरणार, भांडी मुलगा घासणार. अभ्यासाचा वेळ यातून कापायचा नाही, कांद्याच्या वेळेतून कापायचा. त्यासाठी दोन गडी जास्त लावू. मुलगा हसला, पण भांडी घासली. पहिल्या दिवशी पोर माझ्याकडे इतकं रडलं की तिच्याने अर्ध्या तासातच राहवेना, उठून आली. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे आले, हिस्सा बुडाला. असं धकत-चुकत चाललंय. राहिलेला पेपर तिने परत दिलाय, निकाल अजून यायचाय.

मध्यंतरी अक्का जत्रेला आली होती. आता साठीच्या पुढे गेलेली, गुडघे धरलेत. सुनेचं विणकाम हातात घेऊन उलटसुलट करून बघत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, त्या वर्षी आबांना मी सांगितलं होतं."

ती विणकामाकडेच बघत म्हणाली, "शंभराला चार कमी."

"काय?"

"टाके. शंभराला चार कमी घातलं हुतं. बॉर्डर पुरी झाली हुती."

कुणासाठी घातले होते ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

हे सगळं हिला एका रात्री सांगितलं. मला वाटलं, आता तरी सुयांवरचा हिचा राग जाईल. ही अंथरूण घालत होती. हातातली वाकळ तशीच धरून म्हणाली, "सुनंला हिस्सा दिलासा, लई झ्याक केलं. मला चाळीस वर्षांत कुणी दिला हुता?"

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने म्हटलं, "दिला असता तर काय केलं असतंस?"

ती विचार करत उभी राहिली. बराच वेळ. मग वाकळ अंथरली आणि दिवा मालवला. अजून सांगितलेलं नाही. परवा म्हशीची धार काढताना मी परत विचारलं, तर म्हणाली, "थांबा, आठवू द्या."