साक्ष आणि मौन : व्हर्जिनिया विद्यापीठातील एका नियमाचा अन्वयार्थ

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले ते मार्च १८२५ मध्ये. त्याच्या पाच महिने आधी, ऑक्टोबर १८२४ मध्ये, विद्यापीठाच्या नियामक मंडळाने एक नियमावली संमत केली. तिच्यात साक्षीसंबंधी एक कलम आहे. विद्यार्थ्याकडून साक्ष हवी असेल तर ती त्याच्या इच्छेने घ्यावी, शपथेवर घेऊ नये. तो नाखूश असेल तर अन्याय घडला असता साक्ष देणे हे प्रत्येकाचे नैतिक कर्तव्य आहे हे त्याला समजावून सांगावे, आग्रहही धरावा. परंतु अखेरचा निर्णय त्याच्या स्वतःच्या योग्यायोग्यतेच्या जाणिवेवर सोडावा, असा या कलमाचा आशय आहे. नियमावलीमागची प्रेरणा टॉमस जेफर्सन यांची होती. कर्तव्याचा उच्चार करणारा आणि त्याच श्वासात त्या कर्तव्याची सक्ती नाकारणारा असा नियम प्रशासनाच्या वाङ्मयात क्वचितच आढळतो. न बोलण्याच्या या स्वातंत्र्याला जे नैतिक मूल्य प्राप्त होते ते कोणाच्या बळावर, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हे कलम किती धाडसी होते याची कल्पना त्या काळातील इतर अमेरिकन महाविद्यालयांकडे पाहिल्यावर येते. तेथे बहुधा एखादा धर्मोपदेशक प्रेसिडेंट असे. त्याच्या हाताखाली तरुण ट्यूटर, सक्तीची प्रार्थना, दंडांची कोष्टके आणि पालकाच्या नात्याने चालवलेली देखरेख. या देखरेखीला विद्यार्थ्यांचे उत्तर एकच होते : सोबत्याचे नाव सांगायचे नाही. चुगलखोर हा त्यांच्या अलिखित धर्मशास्त्रातील महापातकी. हार्वर्डमध्ये १८३४ साली जो मोठा उठाव झाला त्यात प्रेसिडेंट जोसाया क्विन्सी यांनी दुसऱ्या वर्षाचा जवळजवळ संपूर्ण वर्ग काढून टाकला. पण विद्यार्थ्यांच्या संतापाचा कळस झाला तो क्विन्सी यांनी प्रकरण सार्वजनिक न्यायालयाकडे नेले तेव्हा. शिक्षा त्यांना सहन होत होती. शपथेवर बोलायला लावणारी बाहेरची सत्ता आवारात येणे त्यांना असह्य झाले.

व्हर्जिनियात या सत्तेची रचनाच निराळी होती. तेथे प्रेसिडेंट नव्हता. १९०४ पर्यंत तो नेमला गेला नाही. दरवर्षी अध्यापकांपैकी एकाची अध्यापकमंडळाचा अध्यक्ष म्हणून निवड होई आणि तोच शिस्तीचा कारभार पाही. सुरुवातीच्या आठ अध्यापकांपैकी पाच जण युरोपातून आणलेले होते. लॉन नावाच्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंना दहा पॅव्हिलियन बांधलेले; प्रत्येकात खाली वर्ग आणि वर अध्यापकाचे बिऱ्हाड, आणि मधल्या मधल्या खोल्यांतून विद्यार्थी. ज्ञानाच्या या वसाहतीत गुरुशिष्य शेजारी म्हणून नांदतील, देखरेखीची जागा सहवास घेईल आणि विद्यार्थी स्वतःच स्वतःवर राज्य करतील, अशी जेफर्सन यांची कल्पना. वास्तुरचना हीच येथे नीतिशास्त्राची संहिता आहे, असे म्हटले तर ते केवळ आलंकारिक ठरणार नाही. मात्र त्या संहितेत तळघरे आणि परसदारेही आहेत. त्यांच्याकडे नंतर येऊ.

ही कल्पना सात महिनेही टिकली नाही. सप्टेंबर १८२५ च्या अखेरीस एका रात्री मुखवटे घातलेले विद्यार्थी लॉनवर दंगा करू लागले. चौकशीसाठी बाहेर पडलेल्या दोन अध्यापकांनी एकाला पकडण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्यावर विटा आणि काठ्या चालल्या. अध्यापकमंडळाने नावे मागितली. उत्तरादाखल पासष्ट विद्यार्थ्यांच्या सह्यांचे एक निवेदन आले. त्यात उलट अध्यापकांनीच एका विद्यार्थ्यावर हात टाकल्याचा निषेध होता! इंग्लंडहून आलेल्या दोन अध्यापकांनी राजीनामे पुढे केले, ते स्वीकारले गेले नाहीत. पुढच्याच आठवड्यात रोटंडात नियामक मंडळ बसले. ब्याऐंशी वर्षांचे जेफर्सन बोलायला उभे राहिले आणि भावनावेगाने काहीच न बोलता खाली बसले, असे त्या प्रसंगी हजर असलेल्या एका विद्यार्थ्याच्या आठवणींतून कळते. मंडळाच्या दुसऱ्या एका सभासदाने, चॅपमन जॉन्सन यांनी, दोषींना पुढे येण्याचे आवाहन केले, आणि ते आले. काढून टाकल्या गेलेल्यांत जेफर्सन यांच्याच नात्यातला एक तरुण होता.

हा प्रसंग विद्यापीठाच्या इतिहासात नेहमी एका उदात्त दंतकथेसारखा सांगितला जातो : सक्तीने जे घडले नाही ते वृद्धाच्या मौनाने घडवले. मला त्यात अधिक महत्त्वाची वाटते ती बोलण्याची रीत. कोणीही दुसऱ्याविरुद्ध साक्ष दिली नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःचा अपराध स्वतःच्या तोंडून सांगितला. कबुलीने माणसाची इभ्रत राहते, साक्षीने ती जाते, असे हे मूल्यगणित आहे. त्यानंतर नियम कडक झाले. विद्यार्थ्यांना करड्या रंगाचा गणवेश आला, पहाटे उठण्याची सक्ती आली, त्यांचे पैसे अधिकाऱ्याकडे ठेवण्याचे बंधन आले. पण साक्ष न देण्याचा रिवाज अढळ राहिला. १८२६ साली एडगर ॲलन पो येथे विद्यार्थी होता. त्याने घरी लिहिलेल्या पत्रात एका मारामारीचे, चावे घेऊन सोलवटलेल्या दंडाचे वर्णन आहे. पुढे ज्याच्या कथा भयाची व्याकरणे रचणार होत्या त्या लेखकाला इतका साधा, जवळजवळ वृत्तांतासारखा स्वर तेथे पुरेसा वाटावा, हे लक्षणीय आहे.

साक्ष न देणे ही नीती आहे काय? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दुर्बळांच्या हाती सत्तेविरुद्ध जी थोडी साधने असतात त्यांत मौन हे सर्वांत जुने. पोलिसाने विचारले असता गाव तोंड उघडत नाही, तेव्हा आपण त्याला भ्याडपणा म्हणत नाही. विद्यार्थी आणि अध्यापकमंडळ यांच्या संबंधात विद्यार्थी हा दुर्बळ पक्ष आहे असे मानले, तर त्याच्या मौनाला हेच समर्थन लागू पडते, आणि जेफर्सन यांच्या कलमाला एक उदार अर्थ प्राप्त होतो : सत्तेने आपल्या सोयीसाठी मैत्रीला फितुरी करायला लावू नये.

पण व्हर्जिनियातील विद्यार्थी दुर्बळ होता काय? येथेच तळघरे आणि परसदारे वाचावी लागतात. हे तरुण बहुतांशी दक्षिणेतील मळेवाल्यांचे पुत्र. त्यांच्या खोल्या झाडणे, पाणी आणणे, शेगड्या पेटवणे, जोडे पुसणे ही कामे गुलाम स्त्रीपुरुष करीत. ते खाणावळ चालवणाऱ्यांच्या, अध्यापकांच्या किंवा खुद्द विद्यापीठाच्या मालकीचे असत, नाहीतर भाड्याने आणलेले असत. पॅव्हिलियनमागच्या बागांच्या नागमोडी भिंतींच्या आत त्यांचे जग होते. पहाटे उठण्याचा नियम अमलात यायचा तो घंटेने, आणि विद्यापीठाची घंटा वाजवणारा लुईस कमोडोर याला १८३२ साली ५८० डॉलरना विकत घेतलेले होते. ज्या नियमावलीत विद्यार्थ्याच्या योग्यायोग्यतेच्या जाणिवेचा गौरव आहे तिच्यातच आणखी एक कलम आहे. दारू, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासोबत विद्यार्थ्याने आवारात नोकर, घोडा किंवा कुत्रा ठेवू नये, असे ते सांगते. एकाच वाक्यातल्या या तीन नामांना वेगळ्या टीकेची गरज नाही.

जेफर्सन यांना हे कळत नव्हते असे नाही. व्हर्जिनियासंबंधीच्या आपल्या ग्रंथात, १७८० च्या दशकातच, त्यांनी लिहून ठेवले होते की मालक गुलामावर संतापतो ते त्याचे मूल पाहते, तेच हावभाव लहान गुलामांवर करून बघते, आणि अशा रीतीने रोजच्या रोज जुलुमाचे शिक्षण घेत वाढते. म्हणजे विद्यापीठात येणारा तरुण काय शिकून येणार याचे निदान संस्थापकाने चार दशके आधीच केले होते. आणि या तरुणाच्या हाती त्यांनी स्वराज्य सोपवले. याला आदर्शवाद म्हणावे की स्वतःच्या निदानाकडे केलेली डोळेझाक, याचा निकाल मला लावता येत नाही; दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, एवढे जेफर्सन यांच्या चरित्रावरून म्हणता येते.

आता साक्षीकडे पुन्हा येऊ. व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार कृष्णवर्णीय माणसाला, तो गुलाम असो वा स्वतंत्र, गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देता येत नसे. यादवी युद्ध संपेपर्यंत हीच स्थिती होती. म्हणजे एकाच आवारात दोन मौने होती. एकाला बोलता येत होते आणि तो बोलत नव्हता. त्याचे मौन सद्गुण ठरले. दुसऱ्याने सर्व काही पाहिलेले असे, कारण रात्री उशिरा आणि पहाटे लवकर त्या खोल्यांतून वावरणारा तोच. पण त्याचे बोलणे कायद्याच्या दृष्टीने बोलणेच नव्हते. पहिल्या मौनाला अर्थ आहे तो त्यामागे बोलण्याची शक्यता आहे म्हणून. परंतु त्या मौनाने गुपित खरोखर गुपित राहते ते दुसऱ्या मौनामुळे. मुखवट्यामागचा चेहरा कोणाचा, हे खोली झाडणाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यता होतीच. विद्यार्थ्यांची एकजूट अभेद्य ठरली तिचे एक कारण असे की तिला भेदू शकणाऱ्याचा शब्द आधीच बाद केलेला होता. हे माझे अनुमान आहे, दफ्तरातील नोंद नव्हे. अशा गोष्टीची नोंद होत नाही.

मराठीत आपण शब्दाला पत असणे असा प्रयोग करतो. पत हा मुळात देवघेवीतला शब्द. ती एकाजवळ असते कारण दुसऱ्याजवळ नसते. ऑर्लंडो पॅटरसन यांनी ‘स्लेव्हरी अँड सोशल डेथ’ या १९८२ च्या ग्रंथात हेच व्यापक पातळीवर मांडले आहे : गुलामाची प्रतिष्ठाहीनता हा मालकाच्या प्रतिष्ठेचा आनुषंगिक परिणाम नसून तिचे पोषण आहे. विद्यार्थ्याला शपथेची गरज नाही, या सन्मानाचा अर्थ ज्यांच्या शपथेला किंमतच नाही अशांच्या शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होतो.

या व्यवस्थेची किंमत अखेर अध्यापकमंडळालाही मोजावी लागली. नोव्हेंबर १८४० मध्ये विद्यार्थ्यांच्या दंग्याच्या रात्री अध्यापकमंडळाचे अध्यक्ष, विधिशास्त्राचे अध्यापक जॉन डेव्हिस, एकाचा मुखवटा काढायला पुढे झाले आणि त्याने त्यांच्यावर गोळी झाडली. दोन दिवसांनी ते वारले. डेव्हिस यांनी मारेकऱ्याचे नाव सांगण्यास नकार दिला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सांगणाऱ्यांना ती हवीशी वाटली हे अर्थपूर्ण आहे, कारण तिच्यात अध्यापकही विद्यार्थ्यांच्या धर्मात दीक्षित होतो. या वेळी मात्र विद्यार्थीच शोधाला निघाले. पकडलेला तरुण जामिनावर सुटला आणि खटल्यापूर्वी पसार झाला.

४ जुलै १८४२ रोजी डेव्हिस यांच्यामागून विधिशास्त्राचे अध्यापक झालेले हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी ठराव मांडला की परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने आपल्या प्रतिष्ठेवर लिहून द्यावे : परीक्षेच्या वेळात मी कोणाकडूनही कसलेही साहाय्य घेतलेले नाही. अमेरिकेतील ज्या प्रसिद्ध ऑनर सिस्टिमचा पुढे गौरव झाला तिचे मूळ हे. तिच्यात दोषी ठरलेल्याला कायमचे काढून टाकण्याची एकमेव शिक्षा २०२२ साली विद्यार्थ्यांच्या मतदानाने बदलली. या व्यवस्थेची थोरवी मी नाकारत नाही. परीक्षागृहात पहारा न ठेवता माणसाच्या शब्दावर विसंबणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या विद्यापीठांतील भरारी पथकांच्या अनुभवानंतर तर ती स्वप्नवत वाटते. तरीही त्या प्रतिज्ञेतील शब्दांपाशी थबकावे लागते. कोणाकडूनही कसलेही साहाय्य नाही, असे लिहिणाऱ्या हाताला ऊब देणारी शेगडी त्या सकाळी कोणी पेटवली होती? हा शब्दच्छल वाटेल. साहाय्य म्हणजे उत्तर सांगणे, हे उघडच आहे. परंतु एखादी भाषा काय गृहीत धरते हे तिच्या उघड अर्थातच दडलेले असते, आणि ज्याचे श्रम साहाय्य म्हणून मोजलेच जात नाहीत असा माणूस त्या वाक्याच्या रचनेत शेजारीच उभा आहे.

कालविपर्यासाचा आक्षेप येथे घेतला जाईल : एकोणिसाव्या शतकाला आजच्या नीतीने का जोखावे? मात्र हा प्रश्न आजचा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, उच्च शिक्षणावरचा पैसा कोणाच्या घामातून येतो आणि लाभ कोण घेतो, हे विचारले. जात आणि गुलामगिरी या एक नव्हेत. त्यांची सरसकट बेरीज करणारे लेखन दोहोंवर अन्याय करते. पण विद्यालयाच्या उंबऱ्याबाहेरच्या माणसाने आयोगापुढे साक्षीला उभे राहावे, ही घटना व्हर्जिनियाच्या नियमावलीसमोर ठेवून पाहण्याजोगी आहे.

दफ्तरात काही प्रसंग राहिले आहेत. १८३८ साली दोन विद्यार्थ्यांनी प्रा. बॉनीकॅसल यांच्या फील्डिंग नावाच्या गुलामाला मारहाण केली. त्याला सोडवायला स्वतः बॉनीकॅसल धावले. १८५६ साली एका विद्यार्थ्याने दहाअकरा वर्षांच्या गुलाम मुलीला बेशुद्ध होईपर्यंत मारले. अध्यापकमंडळापुढे त्याने लेखी बाजू मांडली : अशी शिक्षा करण्याचा हक्क समाजाला मान्य आहे, आणि मर्यादेत राहून ती आवश्यकही आहे. येथे मौन नाही, नाव लपवणे नाही, मुखवटा नाही. मुद्देसूद, शैलीदार, आत्मविश्वासाने केलेले निवेदन आहे, आणि ते एका सन्मान्य तरुणाचा शब्द म्हणून वाचले गेले. मुलीने काय सांगितले असते, याला त्या कारभारात जागा नव्हती. १८२४ चे साक्षीचे कलम विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिलेले होते.