गोळी आणि प्रार्थना



मागील महिन्यात गंगाखेडकडच्या एका गावी आम्ही एका आजारी बांधवाला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी गेलो होतो. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. उशाशी जपमाळ होती आणि तिच्याशेजारी औषधांची पिशवी. पिशवीतली पाकिटे मात्र फोडलेलीच नव्हती. विचारले तर म्हणाले, "फादर, गोळ्या लई गरम पडतात. आता छातीत दुखत बी नाही. आणि प्रार्थना करून वर गोळी खायची, म्हणजे देवावर भरवसा नाही असंच की."

या उत्तराला हसण्याचे कारण नाही. आपल्या कितीतरी घरांत हेच बोलले जाते. रक्तदाब मोजला, ठीक निघाला, गोळी बंद! तो गोळीमुळेच ठीक निघाला, हे ध्यानात येत नाही. "एकदा लागली की जन्मभर सुटत नाही", "किडनी जाते", असे पारावर ऐकले की हात आखडतो. कधी खरे कारण रिकाम्या खिशात असते आणि तोंडी गरमीचे नाव येते. तेही आपण ओळखले पाहिजे. इंग्लंडमधील हॉर्न आणि वाइनमन या अभ्यासकांनी हृदयरोग, दमा अशा जुनाट आजारांच्या ३२४ रुग्णांना विचारून १९९९ मध्ये हेच मांडले. रुग्णाच्या मनात तराजू असतो. एका पारड्यात औषधाची गरज, दुसऱ्यात भीती. भीती जड झाली की गोळी चुकते.

हृदयाचे दुखणे थांबते, आजार थांबत नाही. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी मध्येच सोडली, तर तीच नळी अचानक बंद पडू शकते. गोळ्यांचा त्रास खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. ॲस्पिरिनने पोटात जळजळ होते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो किंवा पाय सुजतात. डॉक्टरांना सांगितले तर गोळी बदलून मिळते.

राहिला प्रश्न भरवशाचा. हिज्कीया राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, आणि देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलेच. बेनसिराच्या ग्रंथात, ३८ व्या अध्यायात, आधी प्रार्थना करा आणि मग वैद्याला त्याची जागा द्या, असा बोध आहे. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवा असे सांगितले. बरे वाटते म्हणणाऱ्यानेही तपासून घ्यावे, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. व्हॅटिकनने २००० साली आरोग्यप्रार्थनांविषयी सूचनापत्र काढले, त्यातही प्रार्थनेमुळे उपचार सोडावेत असे नाही. उलट ते घ्यावेत असेच म्हटले आहे.

हे सारे आम्ही त्या बांधवाच्या खाटेशेजारी बसून बोललो. त्यांच्या मुलाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून घेतले. निघताना त्यांनी हळूच विचारले, "फादर, ख्रिस्तप्रसादाच्या आधी गोळी घेतली तर चालंल का?"

चालते. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास पाण्याने आणि औषधाने मोडत नाही, असे ख्रिस्तसभेच्या कायद्यातच लिहिले आहे.