उपकार की देणे?



दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने घरादारातून हाकललेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. छावणीत त्यांची शाळा होती, चर्चही होते.

हा आसरा म्हणजे उपकार होता का? संत थॉमस अक्वायनस सांगतात की, आपल्याजवळ जे जास्त आहे त्यावर गरजवंताचा हक्कच असतो. उपकार म्हटले की घेणाऱ्याची मान खाली जाते. देणे म्हटले की दोघे ताठ मानेने समोरासमोर उभे राहतात.

उसाच्या हंगामात तोडणी मजूर मुलाबाळांसह आपल्या शिवारात खोपी घालतात. प्रभू परक्याच्या रूपात येतो. आपण त्या मुलांचे काय देणे लागतो?

आपला,
फादर