पणाचें माप

एखादी गोष्ट खरी आहे असें वाटणें आणि त्या वाटण्यावर किती पणास लावावें हें ठरविणें, हे दोन प्रश्न पुष्कळांस एकच वाटतात. पहिल्याचें उत्तर मिळालें कीं दुसऱ्याचें आपोआप मिळालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. ज्याचा विश्वास दृढ त्यानें मोठी उडी घ्यावी आणि ज्याचा डळमळीत त्यानें कांठावर बसून राहावें, असा व्यवहाराचा न्याय आपण निमूटपणें मानीत आलों आहों. हा न्याय किती फसवा आहे हें ज्या धंद्यांत आकड्यांनिशीं दिसून येतें, तो धंदा म्हणजे संगणकाकरवीं चालणारा शेअरबाजारांतील व्यापार होय. नीतीचा विचार करणाऱ्यांनीं बाजाराकडे बहुधा नाक मुरडूनच पाहिलें आहे. तथापि मनुष्य स्वतःच्या मतांशीं किती प्रामाणिक राहतो याची परीक्षा जेथें रोज घेतली जाते, तें ठिकाण विचार करणारानें टाळणें बरें नव्हे.

या व्यापाराची रीति प्रथम थोडक्यांत सांगितली पाहिजे. भाव गेल्या पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर गेला कीं घ्यावें आणि खालीं आला कीं विकावें, यासारखा एक नियम कोणी मनाशीं बांधतो. तो नियम संगणकाला कळेल अशा भाषेंत लिहिला जातो, आणि मग खरेदीविक्रीचे हुकूम मनुष्याच्या हातून न सुटतां यंत्राकडून सुटूं लागतात. बाजारांत यालाच ‘अल्गो’ म्हणतात. खरा पैसा घालण्यापूर्वीं तोच नियम मागील दहापंधरा वर्षांच्या भावांवर चालवून पाहतात. या परीक्षेला ‘बॅकटेस्ट’ असें नांव आहे. शेवटीं प्रत्येक सौद्यांत भांडवलाचा कितवा हिस्सा घालावयाचा हें ठरवावें लागतें. नियम, परीक्षा आणि पणाचें माप असे हे तीन भाग होत. पहिल्याविषयीं लोक तासन् तास बोलतात, दुसऱ्याविषयीं थोडें बोलतात, आणि तिसऱ्याविषयीं बहुधा बोलतच नाहींत.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ या मुंबईंतील संस्थेनें सप्टेंबर २०२४ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायद्यांत व ऑप्शनांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला. खर्च धरून तो माणशीं सरासरी सुमारें दोन लाख रुपये होता, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. याच पाहणींत असेंही आढळलें कीं, २०२३-२४ सालीं परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यापैकीं शेंकडा ९७ आणि स्वतःच्या पैशानें व्यापार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यापैकीं शेंकडा ९६ भाग यंत्रचलित व्यवहारांतून आला होता. हे आकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे एक मोह उत्पन्न होतो. आपणही यंत्र आणावें, म्हणजे आपली गणना उरलेल्या सात जणांत होईल, असें वाटूं लागतें. परंतु यंत्र हा आज्ञाधारक नोकर आहे. आज्ञा वेडगळ असली तरी तो ती न थकतां पाळीत राहतो.

प्रथम परीक्षेचें पाहूं. गतकाळ हा मोठा भिडस्त साक्षीदार आहे; त्याच्याकडून आपल्याला हवें तें वदवून घेणें फार सोपें असतें. पन्नास दिवसांची सरासरी नफा दाखवीत नसेल तर सत्तेचाळीस दिवसांची घ्यावी. एखादें वाईट वर्ष अपवाद म्हणून वगळावें. आज ज्या कंपन्या शाबूत आहेत त्यांचेच भाव घ्यावे आणि बुडालेल्यांस विसरावें. दलाली आणि कर यांचा हिशेब मागाहून करूं म्हणावें. यांतील एकही कृत्य चोरीच्या व्याख्येंत बसत नाहीं. तरी अखेरीस कागदावर जो चढता आलेख उमटतो, तो बाजाराचा नसून परीक्षकाच्या इच्छेचा असतो. समजा, निव्वळ निरुपयोगी नियमही दैवयोगानें वीसांतून एकदां परीक्षेस उतरतो. असे वीस नियम एकामागून एक तपासले, तर त्यांपैकीं निदान एक तरी उतरण्याचा संभव शेंकडा ६४ इतका आहे. उतरलेला एक लक्षांत ठेवावयाचा आणि फसलेले एकोणीस विसरावयाचे, हा मनाचा स्वभावच आहे. येथें वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच आसनावर बसलेले असतात.

यावर जाणत्यांनीं एक तोडगा काढला आहे. हातीं असलेल्या काळाचा शेवटचा तुकडा आरंभींच वेगळा काढून कुलुपांत ठेवावयाचा. नियम घडवितांना त्याकडे पाहावयाचें नाहीं. आणि सर्व सिद्ध झाल्यावर एकदांच, फक्त एकदांच, त्यावर नियम चालवून जो निकाल लागेल तो मान्य करावयाचा. निकाल प्रतिकूल लागला म्हणून नियमांत किंचित् फेरफार करून पुन्हां त्याच तुकड्याकडे गेलें, तर त्या क्षणीं तो साक्षीदार फितूर झाला असें समजावें. आतां, आपण किती वेळां डोकावून पाहिलें हें बाहेरच्या कोणालाही कळत नाहीं. गणित येथें थांबतें. परीक्षेची किंमत शेवटीं परीक्षकाच्या चारित्र्याइतकीच असते, आणि हें चारित्र्य एकांतांत, कोणी पाहत नसतांना, पणास लागलेलें असतें.

परंतु ही परीक्षा प्रामाणिकपणें पार पडली आणि नियम खरोखरच लाभाचा ठरला, असें धरून चालूं. तरीही दुसरा प्रश्न उभाच राहतो. एक साधें उदाहरण घेऊं. नाणें उडवावयाचें, छाप पडली तर लावलेल्या रकमेवर शेंकडा ५० मिळावयाचे, कांटा पडला तर शेंकडा ४० जावयाचे. दर खेपेस सरासरीनें शेंकडा ५ चा लाभ आहे. डाव निःसंशय आपल्या बाजूचा आहे. आतां एक मनुष्य आपले सर्व शंभर रुपये लावतो. एकदां जिंकून एकदां हरला कीं १५० होऊन त्याचे ९० उरतात. दुसरा दर खेपेस आपल्या पैशाचा निम्मा भाग लावतो. त्याचे १२५ होऊन पुन्हां शंभरच राहतात. तिसरा चौथा हिस्सा लावतो. त्याचे ११२ रुपये ५० पैसे होऊन शेवटीं १०१ रुपये २५ पैसे हातीं येतात. नाणें तेंच, नियम तोच, दैवही तेंच. आणि तरी एक बुडाला, एक जागच्या जागीं राहिला, एक चढला. नियमाचें खरेपण तिघांनाही सारखेंच लाभलें होतें. फरक पडला तो केवळ मापाचा.

वाचक विचारतील कीं, सरासरीचा तो शेंकडा ५ चा लाभ गेला कोठें? सर्वस्व लावणारे चार जण घेऊं. दोन डावांनंतर एकाजवळ २२५, दोघांजवळ नव्वद नव्वद आणि चौथ्याजवळ ३६ रुपये असतील. बेरीज ४४१, म्हणजे सरासरी ११० रुपये २५ पैसे. आणि तरीही चारांपैकीं तिघे तोट्यांत आहेत. सरासरी खोटी नाहीं. ती समुदायाची आहे, माणसाची नव्हे. मनुष्याला आयुष्य एकच मिळतें आणि त्यांतील डाव त्याला एकामागून एक खेळावे लागतात. शेजाऱ्याच्या छापेनें त्याचा कांटा भरून निघत नाहीं. ‘सरासरीनें हित होतें’ असें सांगून कोणास सर्वस्व लावावयास सांगणें हा म्हणूनच अर्धसत्याचा उपदेश होय, आणि आपल्या राज्यकारभारांत व सुधारणांत तो किती ठिकाणीं दडलेला असतो हेंही विचार करण्याजोगें आहे.

हें ज्ञान नवें नाहीं. १७३८ सालीं डॅनियल बर्नूली यानें सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीच्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, तीच रक्कम श्रीमंतास आणि दरिद्र्यास सारखी नसते; आणि मालाची एकच राशि एका जहाजांत न भरतां दोन जहाजांत विभागणाऱ्या व्यापाऱ्याचें शहाणपण त्यानें गणितानें सिद्ध केलें. पुढें १९५६ मध्यें अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमधील जॉन केली यानें पणाचा सर्वांत लाभदायक हिस्सा काढण्याचें सूत्र दिलें. वरील उदाहरणांतील चौथा हिस्सा त्याच सूत्रानें येतो. परंतु अनुभवी लोक पुष्कळदां या हिश्श्याचा निम्माच लावतात. आठवा हिस्सा लावणाराचे दोन डावांनंतर सुमारें १०० रुपये ९४ पैसे होतात, म्हणजे वाढीचा तीन-चतुर्थांश भाग हातीं राहून धोका निम्मा होतो. असें करण्याचें कारण भीति नव्हे. नाण्याच्या डावांत लाभ किती हें पक्कें ठाऊक असतें. बाजारांत तें आपल्याच परीक्षेवरून अंदाजलेलें असतें, आणि आपली परीक्षा किती भिडेची असते हें आपण पाहिलें. म्हणून मापांतून जो भाग कमी केला जातो, तो आपल्या संभाव्य चुकीसाठीं राखून ठेवलेला भाग होय. विनय हा गुण आपण बोलण्याचालण्यांत शोधतों. येथें तो अपूर्णांकांत लिहिलेला सांपडतो.

हा भाग राखून न ठेवल्यानें काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतच घडलें. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या पेढीनें १९९४ मध्यें व्यापारास आरंभ केला. १९९७ सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणारे रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स हे तिचे भागीदार होते. १९९८ च्या आरंभीं तिचें स्वतःचें भांडवल सुमारें ४.७ अब्ज डॉलर होतें आणि कर्ज १२० अब्जांहून अधिक होतें. त्या ऑगस्टांत रशियानें आपल्या देण्याची फेड थांबविली, बाजार घाबरला, आणि कांहीं आठवड्यांत पेढी बुडण्याच्या बेतास आली. सप्टेंबरांत १४ बँका व पेढ्यांनीं सुमारें ३.६ अब्ज डॉलर घालून ती ताब्यांत घेतली. बोधाची गोष्ट ही कीं, तेच सौदे सावकाश मोडणाऱ्या त्या मंडळींचे पैसे पुढें परत मिळाले. विद्वानांचें मत सर्वस्वीं चुकीचें होतें असें म्हणतां येत नाहीं. त्यांचें मत खरें ठरेपर्यंत त्यांना टिकून राहतां आलें नाहीं, एवढेंच. खरें बोलणाराही आपल्या सत्यावर ऐपतीबाहेर पण लावून बुडूं शकतो.

यावर जुन्या वळणाचा नीतिवादी म्हणेल कीं, हा सारा जुगारच आहे. आणि मापून खेळलेला जुगार जुगारच राहतो. या आक्षेपांत तथ्य आहे. दुसऱ्याच्या तोट्यावांचून जेथें आपला नफा होत नाहीं, अशा व्यवहाराला केवळ मापानें पावित्र्य येत नाहीं. परंतु पण लावण्यांतून कोण सुटला आहे? मृगावर भरंवसा ठेवून बियाणें जमिनींत टाकणारा शेतकरी पणच लावतो. मात्र शहाणा शेतकरी कोठींतील सर्व धान्य पेरीत नाहीं. उलट युधिष्ठिराची कथा पाहा. शकुनीचे फांसे कपटाचे होते हें खरें. पण ते सरळ असते तरी काय झालें असतें? संपत्ति गेल्यावर राज्य, राज्यानंतर भाऊ, भावांनंतर स्वतः आणि शेवटीं द्रौपदी, असा प्रत्येक हारीगणिक ज्याचा पण वाढत जातो, त्याला सरळ फांसेही वांचवीत नाहींत. त्याच्या अपराधाचा गाभा खेळण्यापेक्षां या वाढत्या मापांत आहे. कारण माप सुटलें तेव्हांच, जें त्याचें एकट्याचें नव्हतें तें पटावर आलें.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण म्हणतों. ही म्हण चांगली आहे, परंतु ती अंथरुणाची लांबी ठाऊक आहे असें धरून चालते. ज्याचें अंथरूण रोज रात्रीं लहानमोठें होतें आणि त्यावर बायकामुलेंही निजलेलीं असतात, त्यानें काय करावें? यंत्र आणल्यानें हा प्रश्न सुटत नाहीं. यंत्राला लोभ नसतो. पण नियम निवडतांना, माप ठरवितांना आणि चार हारींनंतर यंत्र बंद करून स्वतःच्या हातानें मोठा डाव टाकतांना, या तिन्ही वेळीं लोभ मनुष्याच्याच दारानें आंत येतो. हुकूम यंत्रानें सोडला तरी त्याची जबाबदारी ज्यानें माप ठरविलें त्याचीच राहते.

तात्पर्य, आपलें मत खरें आहे काय, हा प्रश्न बुद्धीचा आहे, आणि त्याचें पक्कें उत्तर बहुधा मिळत नाहीं. मी चुकलों असेन तर कोणाचें किती जाईल, हा प्रश्न नीतीचा आहे. त्याचें उत्तर मात्र आधींच, शांत डोक्यानें देतां येतें. पहिल्याचें उत्तर कितीही अनुकूल वाटलें तरी दुसरें विचारल्यावांचून जो हात पुढें करतो, तो जिंकला तरी शहाणा ठरत नाहीं. आणि ज्यानें चुकीसाठीं जागा राखून ठेवली, तो हरला तरी उद्यां पुन्हां उभा राहण्यापुरतें त्याच्यापाशीं कांहीं तरी उरलेलें असतें, आणि घरांतल्यांना तोंड दाखवितांना त्याला मान खालीं घालावी लागत नाहीं.