सस्पेन्स खात्यातला सुरय

पक्षीनिरीक्षणात नोंद करणारा, तपासणारा आणि सही ठोकणारा माणूस एकच असतो. आम्हां बँकवाल्यांच्या अंगावर काटा यावा अशी ही पद्धत! आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एका किल्लीने प्रत्यक्ष कुबेर आला तरी दार उघडत नाही. एकाने व्हाउचर लिहायचं, दुसऱ्याने पास करायचं. संगणक आले तरी हा नियम सुटला नाही. उलट आता संगणकच विचारतो, 'दुसरा कुठे आहे?' माणूस मुळात प्रामाणिक असतो यावर बँकेचा पूर्ण विश्वास आहे. फक्त तो दोघांत मिळून प्रामाणिक असतो, एवढंच तिचं म्हणणं.

आणि इकडे एखादा गृहस्थ भल्या पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून जातो आणि परत येऊन वहीत लिहितो, 'अमुक पक्षी, एक नग.' व्हाउचर नाही, साक्षीदार नाही, आणि पक्षी तर उडून गेलेला. म्हणजे मुद्देमालच फरार!

कोणी बघत नसताना माणसाने खरं का लिहावं, हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांना पडला असेल. मी पडलो बी.कॉम. मला तो पुस्तकात भेटला नाही. तुंगार्लीत शेजारी राहायला आला. शेजारी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. वय बाहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि वहीत १९९ पक्षी.

तुंगार्ली म्हणजे लोणावळ्याचा तो भाग, जिथे पावसाळ्यात लोक धरण बघायला येतात आणि कणीस खाऊन जातात. समुद्राचा आणि आमचा संबंध पावसापुरता. तो खालून ढग पाठवतो, आम्ही छत्र्या उघडतो. पण पोस्टमास्तरांना हे मान्य नाही. मे महिन्यात धरणाचं पाणी मागे सरलं, की काठच्या खड्यांत टिटवी अंडी घालते आणि जवळून जाणाऱ्याला शिव्या घालते. "टिटवी ही किनाऱ्यावरच्या चिखल्यांच्याच कुळातली," ते म्हणतात. "म्हणजे तुंगार्ली हे किनाऱ्याचंच सबपोस्ट ऑफिस झालं!"

तर मुख्य कचेरी बघायला यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही किहीमला गेलो. अलिबागजवळच्या या गावात तरुण सलीम अलींनी सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि १९३० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. त्यामुळे पोस्टमास्तरांना किहीमचं स्थान पंढरपूरच्या खालोखाल. घाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग असा एसटीचा प्रवास. अंगाचा पार आमरस झाला.

आता तुम्ही म्हणाल, पक्षी बघायला उन्हाळ्यात कोण जातं? थंडीत किनाऱ्यावर सैबेरियाकडच्या तुतवारांची, चिखल्यांची जत्रा असते, हे खरं. एप्रिल संपता संपता त्यातले बहुतेक विणीसाठी उत्तरेला परततात. मागे राहतात ती बहुधा अजून लग्नाचं वय न झालेली पोरं. एवढा प्रवास करून करायचं काय, असा व्यवहारी विचार करून ती इथेच चिखल उकरत उन्हाळा काढतात. अर्थात सगळीच पोरं अशी आळशी नसतात. २०२२ साली गॉडविट जातीच्या एका पाच महिन्यांच्या पिल्लाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत कुठेही न उतरता कापलं. त्याच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र होतं, म्हणून जगाने मानलं. म्हणजे तिथेही दुसरी किल्ली होती!

शिवाय उन्हाळ्यात खोल समुद्रावरचे सुरय विणीसाठी बेटांवर येतात. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर 'ब्रायडल्ड टर्न' नावाचा, म्हणजे तोंडाला लगाम घातल्यासारखा दिसणारा सुरय घरटी करतो. पोस्टमास्तरांना २०० वा पक्षी म्हणून तोच हवा होता. अडचण एवढीच, की त्याचा एक चुलतभाऊ आहे, 'सूटी टर्न', काजळीच्या रंगाचा. दोघांची पाठ गडद, पोट पांढरं. मुख्य फरक कपाळावर. एकाचा पांढरा पट्टा भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो, दुसऱ्याचा डोळ्यापाशीच थांबतो. आमच्याकडे सही जुळवताना 'र'ची शेपटी बघतात, त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाटांच्या पलीकडे एक गडद सुरय आला. दोन फर्लांगांवर तरी असेल. पोस्टमास्तरांनी दुर्बीण लावली. हात थरथरत होते. अर्ध्या मिनिटात पक्षी नाहीसा.

"लगामवालाच!" ते म्हणाले. "तुम्हाला भुवई दिसली ना?"

"पक्षी दिसला. भुवई नाही दिसली."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग वही पुढे करून म्हणाले, "अहो, माझी वही कोण वाचणार आहे? मुलगा पुण्यात असतो, त्याला कावळा आणि कोकीळ सारखेच. साक्षीदार म्हणून खाली सही करा. पुढच्या वर्षी गुडघे इथवर आणतील याचा काय भरवसा?"

आता या ठिकाणी 'हो' म्हणायला काय हरकत होती? कोणाचे पैसे बुडत नव्हते. पण मैत्रीखातर जामीनपत्रावर सह्या करणारी माणसं मी काउंटरमागून पंचवीस वर्षं पाहतो आहे. सही करताना ती फार प्रेमळ दिसतात. मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

परतीच्या एसटीत पेणपर्यंत ते बोलले नाहीत. मग मीच त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे एक लहानसं घुबड. १८८४ नंतर ते खात्रीने कोणाला मिळालेलं नव्हतं. पुढे कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने संग्रहालयातला एक जुना नमुना लांबवला आणि आपण तो १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवला, अशी चिठ्ठी त्याला लावली. कर्नलच तो, त्याच्याकडे दुसरी किल्ली कोण मागणार? अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती लबाडी उघडकीला आणली, खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या जुन्या नोंदींतल्या जागा धरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी!

पोस्टमास्तर ताठ बसले. "म्हणजे घेणारा घरातच होता," ते म्हणाले, "पत्ता चुकीचा घातला होता!" आयुष्यभर पत्ते वाचलेल्या माणसाला याहून मोठं पाप ठाऊक नसावं.

घरी मात्र आमच्या हिने वेगळाच निकाल दिला. "अहो, हो म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं? म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटलं असतं." यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दयेपोटी बोललेल्या खोट्यावर निम्मे संसार उभे आहेत, आमचा धरून. पण मला वाटतं, ती सही त्या २०० व्या पक्ष्यापुरती राहिली नसती. लेजरमध्ये एक नोंद खोटी निघाली, की इन्स्पेक्टर त्या एकीवर बोट ठेवून थांबत नाही. तो पहिल्या पानावर जातो. पोस्टमास्तरांची वही तपासायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही, हे कबूल. पण रात्री झोप न लागणारा म्हातारा स्वतःची वही उघडतोच, आणि त्याच्याइतका खडूस इन्स्पेक्टर मी बँकेत पाहिलेला नाही. एका पक्ष्यासाठी त्यांचे खरे १९९ संशयित करायचे, ही दया महाग पडली असती. आणि भुवई तिला दिसली नाही, मला दिसली नाही, एवढं तर दोघांनाही मान्य होतं.

चार दिवसांनी पोस्टमास्तर वही घेऊन आले. "तुमच्याकडे जे पैसे कोणाचे ते कळत नाही, त्यांचं काय करता हो?"

"सस्पेन्स खात्यात टाकतो."

त्यांनी तिथल्या तिथे शेवटच्या पानावर नवा मथळा घातला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गडद सुरय, एक. किहीम. भुवई दिसली नाही.' खाली मी साक्षीदार म्हणून सही केली. आमच्याकडे सस्पेन्स खातं वेळेत निकाली काढावं लागतं, नाहीतर वरून पत्रांवर पत्रं येतात. समुद्राकडून अजून तरी पत्र आलेलं नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या महिन्यात आहे. वेंगुर्ल्याला जाणाऱ्या एसटीच्या वेळा त्यांनी आजच विचारून ठेवल्या आहेत.