हिरवी पाने आणि फळ



मार्ककृत शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात भुकेल्या प्रभू येशूला दुरून अंजिराचे झाड दिसते. पाने भरपूर, फळ एकही नाही. तो अंजिराचा हंगामच नव्हता, असेही मार्क सांगतो, म्हणून हा उतारा मला सेमिनरीपासून अवघड वाटत आला आहे. पण नागपूरला कुणी ‘हिरवे शहर’ म्हटले की तोच आठवतो.

राज्य शासनाने 2020 मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. झाडे लागली, गावांना बक्षिसे मिळाली, चांगलेच झाले. त्याच राज्यात मे 2023 मध्ये कोराडीला कोळशावरच्या 660 मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. तसे तीन संच तिथे आधीच उभे आहेत. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, जुलै 2022 मध्ये, खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत शिरली होती.

यात खोटे कोणी बोलले असे नाही. झाडे खरीच आहेत. पण चांगल्या नावाची एक खोड असते : ते मिळाले की माणूस स्वतःची झडती घेणे सोडतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात अशा वरवरच्या पर्यावरणप्रेमाविषयी सावध केले होते.

वीज लागतेच. मे महिन्यात कूलर बंद ठेवा असे मी सांगणार नाही. माझाही चालू असतो. मात्र हुडकेश्वर शहराच्या दक्षिणेला, कोराडी उत्तरेला. ती राख आपल्या अंगणात येत नाही. ज्यांच्या शेतात गेली, ते आपले शेजारी आहेत की नाहीत? पावसाळ्यात मिस्सानंतर रोपे वाटताना हे मी तुम्हाला विचारणार आहे.